ठरावातलं दुसरं नाव

“उतरा! आत्ताच्या आत्ता उतरा माझ्या गाडीतून!”

नातेर्सियाने असा करकचून ब्रेक दाबला की मागच्या सीटवरची गोड पावांची टोपली घसरली. शेजारी बसलेल्या रोलंड पेकने ती वरच्या वर पकडली आणि मांडीवर नीट बसवून घेतली. उतरायचं काही त्याने नाव काढलं नाही.

“तू विचारलंस, सभेला कशाला निघालात. मी सांगितलं,” तो म्हणाला. “विषय एकोणीसला विरुद्ध मत द्यायचंय.”

“विषय एकोणीस म्हणजे ही! ही माझी बहीण!”

“ठाऊक आहे. वाचता येतं मला. एका डोळ्याने का होईना, येतं.”

पुढे बसलेल्या ओडिलियाला हसू आवरेना. सकाळपासून तिने कॉफीचा घोटसुद्धा घेतला नव्हता, आणि आता हे! धुक्यातून काठी टेकत चाललेला म्हातारा दिसला म्हणून तिनेच गाडी थांबवायला लावली होती. डोक्याच्या जुन्या जखमेत पेकचा एक डोळा गेला होता आणि तेव्हापासून त्याला फिट यायच्या, त्यामुळे गाडी चालवायला बंदी. सिपिट गावात तो कुठेही जायचा तो पायीच, आणि कुणी गाडी थांबवली तर आधी दोनदा नाही म्हणायचा.

“चल गं,” ती बहिणीला म्हणाली. “विरोधकाला धुक्यात सोडून आलो असं नको व्हायला. गाव म्हणेल, फुर्तादो बहिणींनी मतदार पळवला.”

“पळवायलाच हवा होता,” नातेर्सिया पुटपुटली आणि तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. “अहो, पण का? तिनं तुमचं काय घोडं मारलंय?”

“काही नाही. बरी शिपाई होती.” पेक खिडकीबाहेर बघत बोलला. “माझ्या वेळेला मला कुणी विचारलं नाही, मी कुणाकडे मागितलं नाही. चाललं माझं. तिचंही चालेल.”

ओडिलियाचं हसू तेवढ्यावर थांबलं. ‘बरी शिपाई’. पेक सार्जंट असताना तीन वर्षं ती त्याच्या हाताखाली होती. सिपिटच्या पोलीस चौकीतली पहिली बाई. त्या तीन वर्षांत त्याच्या तोंडून इतकं कौतुक कधी ऐकल्याचं तिला आठवेना.

खरं तर तिचं तितकंसं चालत नव्हतं. चौदा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, पुलावर बर्फाची काच झालेली असताना, घसरत आलेल्या एका गाडीने तिला कठड्याशी चिरडलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. पेन्शन बसलं ते त्या दिवशीच्या पगारावर. त्यानंतर शिपायांचे पगार वाढले, तेलाचे भाव वाढले, कृत्रिम पाय दोनदा बदलावा लागला. पेन्शन मात्र नावापुरतं हललं आणि बाकी त्या जानेवारीतच उभं राहिलं. ते आजच्या पगाराच्या बरोबरीला आणायचं तर बोस्टनच्या विधिमंडळाने तिच्या नावाने खास कायदा करायला हवा होता, आणि विधिमंडळ असा कायदा हाती घेतं ते गावाने मागणी केली तरच. म्हणून आधी गावसभा. तिथे नाही झालं, तर खाडीकाठचं घर विकून नातेर्सियाच्या माडीवर राहायला जायचं, हे ओडिलियाने मनाशी ठरवून टाकलं होतं. बहिणीला अजून सांगितलं नव्हतं. नातेर्सिया घोरते, ही एकच अडचण होती, पण ती मोठी होती.

शाळेच्या पटांगणात गाड्यांची ही गर्दी! सगळं सिपिट लोटलं होतं. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी, गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमतं आणि रस्त्यांपासून कुत्र्यांच्या पट्ट्यांपर्यंत सगळ्याचा निकाल हात वर करून लावतं. दारातच चर्चच्या बायका टेबल मांडून बसल्या होत्या. तळलेल्या मालासादांवर, म्हणजे पोर्तुगीज गोड वड्यांवर, साखर भुरभुरवली जात होती. नातेर्सियाने आपली टोपली तिथे आदळली आणि मोठ्याने म्हणाली, “विषय एकोणीसला ‘हो’ म्हणणाऱ्याला पाव गरम मिळेल. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कालचा.”

पेकने निमूटपणे पैसे काढून पुढे ठेवले. “कालचा दे,” तो म्हणाला.

दारात प्रत्येकाला मत देण्यासाठी पिवळं कार्ड मिळालं. ओडिलियाने ते डाव्या हातात धरलं.

“ओडिलिया! अहो इकडे, पुढे या!” बेनी मेदेरोस, सिपिटचा पोलीस प्रमुख, खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढत आला. तिने नोकरी सोडली तेव्हा तो नवखा होता, बूट उलटे घालायचा असं ती सगळ्यांना सांगायची. आता गणवेश कडक, केस करडे, आणि चेहरा मात्र परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. “मी मतं मोजलीयत. कट्टर आपले आहेत, कट्टर त्यांचे आहेत, मधले काठावर. पाचसहांचा फरक पडेल. तुम्ही फक्त बसा. एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते मी.”

“मी कशाला बोलते? माझी तर जीभच टाळ्याला चिकटलीय.”

सभापती हॅथवेबाईंनी लाकडी हातोडी आपटली. बाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे साडेचारशे माणसं त्यांच्या एका नजरेने गप्प होत. एकेक विषय सुटत गेला. बर्फ ढकलायची नवी गाडी मंजूर. जुन्या धक्क्याची डागडुजी मंजूर. शाळेच्या छपरावर तासभर भांडण झालं, आणि एक गृहस्थ रागाने कार्ड फेकून बाहेर गेले व मालासादा खाऊन परत आले.

“विषय एकोणीस,” हॅथवेबाईंनी चष्मा सारखा केला. “कर्तव्यावर असताना अपंगत्व येऊन निवृत्त झालेल्या पोलिसांच्या पेन्शनबाबत विधिमंडळाकडे विशेष कायद्याची मागणी. ठराव कोण मांडतंय?”

बेनी माइकपाशी गेला. त्याने ठराव वाचला. त्यात नाव एकच होतं, ओडिलिया फुर्तादो. मग त्याने भाषण सुरू केलं, आणि पहिल्याच वाक्याला ओडिलियाने डोळे मिटून घेतले.

“ती रात्र! ते हिमवादळ! मृत्यूच्या जबड्यात उभं राहून या वीरांगनेने...”

“अगं, मी फक्त रस्त्यावर लाल दिवे लावत होते,” ओडिलिया कुजबुजली.

“गप्प बस,” नातेर्सियाने तिला कोपराने ढोसलं. “मृत्यूचा जबडा चांगला चाललाय. ती बघ, पुढची म्हातारी डोळे पुसतेय.”

टाळ्या पडल्या. बऱ्यापैकी पडल्या. होईल की काय? होईलच बहुतेक! घराच्या मागच्या पायऱ्या, खाडीकडे उघडणारी खिडकी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून झरकन गेलं.

मग ऑल्डन स्टर्जिस उठला. हा वित्त समितीचा अध्यक्ष. होड्या दुरुस्तीचा कारखाना त्याचा. माणूस वाईट नव्हता. ओडिलिया इस्पितळात होती तेव्हा त्याने तिच्या घरासमोरचं बर्फ स्वतः फावड्याने काढलं होतं. पण गावचा पैसा म्हटला की त्याच्या पोटात कळ उठे.

“ओडिलियाबद्दल मला आदर आहे,” तो म्हणाला. “तुम्हा सगळ्यांना आहे. म्हणूनच हे बोलणं अवघड आहे, आणि ते कुणीतरी बोलायला हवं. पेन्शनचा हा वाढीव बोजा दर वर्षी गावावर पडणार, ती हयात असेपर्यंत. देव तिला शंभर वर्षं देवो. पण आज एकीला दिलं की उद्या दुसरा उभा राहील. नियम म्हणून काही राहणार नाही. तिला दिलं, मग त्याला का नको?” त्याने हात उंचावून व्यायामशाळेच्या कडेला असलेल्या बाकाकडे दाखवलं. तिथे पेक एकटाच बसला होता. “तोही कर्तव्यावरच जखमी झाला. कागदावर तरी. आता तो धक्क्यावर कोणत्या अवस्थेत सापडला होता, हे काही मी सांगायला नको.”

हास्याची एक लाट हॉलभर पसरली. फार मोठी नव्हती. गावाला पाठ असलेल्या जुन्या विनोदावर जितकं हसतात तितकीच.

ओडिलियाने वळून पाहिलं. पेक समोर बघत होता. हातातला कालचा पाव त्याने अर्धा खाल्ला होता, उरलेला कागदात बांधत होता. सावकाश, घडीवर घडी. हे हसू त्याला नवीन नव्हतं. तेहतीस वर्षं तो किराण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर ते ऐकत आला होता. आणि दर वर्षी तो या सभेला येऊन याच बाकावर बसत होता.

ती उभी राहिली, तेव्हा आपण उभ्या राहिलो आहोत हे तिलाही उशिराच कळलं.

“अगं डिली, कुठे?” नातेर्सियाने तिचा कोट ओढला.

“सोड.”

“ओडिलिया, नको!” माइकपाशी बेनीने माइकवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हटलं. “काठावर आहोत आपण. तुम्ही नुसतं बसलात तरी ठराव मंजूर होईल!”

“बाजूला हो, बेनी. बूट बघ, सरळ आहेत ना.”

पुढच्या दोन रांगांतले लोक हसले. तिने माइक खाली घेतला. कृत्रिम पायावर उभं राहून बोलायची तिला सवय नव्हती. उजव्या हाताने आधार घ्यावा तर बोटं मिटत नव्हती. तिने डाव्या हाताने दांडा घट्ट धरला.

“सभापती, मला उपसूचना मांडायचीय.”

हॅथवेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मांडा.”

“ठरावात माझं नाव आहे. त्याच्यापुढे ‘आणि रोलंड पेक’ एवढं घाला.”

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग जो गलका उठला, त्यात बेनीचं “अरे देवा!” सगळ्यात स्पष्ट ऐकू आलं. नातेर्सियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातोडी तीनदा आपटावी लागली.

“हे विषयाच्या कक्षेत बसतं का?” स्टर्जिस ओरडला.

हॅथवेबाईंनी कागद उचलून पुन्हा वाचला, ओठ हलवत. “विषयाच्या मथळ्यात ‘पोलिसांच्या’ असं म्हटलंय. एकीच्या, असं नाही. बसतं. अनुमोदन?”

“आहे!” मागून एक बारीक आवाज आला. डोळे पुसणारी म्हातारीच ती.

“माझी हरकत आहे.” पेक बाकावरून उठला होता. “मी काही मागितलेलं नाही. बाई, माझं नाव वगळा.”

“ठरावात कोणाचं नाव असावं हे सभा ठरवते, मिस्टर पेक. तुमचं मत तुम्ही कार्डाने द्या. खाली बसा.”

पेक बसला. वाचनालयाची पुस्तकं तोही वेळेवर परत करत आलेला होता.

“बोला, ओडिलिया,” बाई म्हणाल्या.

आता तिला भीती वाटत नव्हती. उलट अंगात काहीतरी उसळत होतं, वायरलेसवर हाक येऊन गाडी वळवताना उसळायचं तसं. ती स्टर्जिसकडे वळली.

“ऑल्डन, तू म्हणालास, तो कोणत्या अवस्थेत सापडला ते सांगायला नको. मला वाटतं सांगायला हवं. कारण तू तिथे नव्हतास. इथलं कुणीच नव्हतं. मी होते.”

तिने माइक आणखी जवळ ओढला.

“ऑगस्टची संध्याकाळ. उजेड होता अजून. दोन बोटींची माणसं जाळ्यांवरून हमरीतुमरीवर आलेली. आम्ही दोघंच होतो. सार्जंट पेक मला म्हणाले, तू गाडीपाशी थांब, मदत मागव. मला राग आला. वाटलं, बाई आहे म्हणून मागे ठेवतोय. ते एकटे आत घुसले. दोघांना त्यांनी बाजूला केलं, आणि तिसऱ्याने मागून मासे ओढायच्या आकडीने त्यांच्या डोक्यात हाणलं. ते पडले ते बियरच्या खोक्यावर. बाटल्या त्यांच्या अंगाखाली फुटल्या. पाठीपासून पायापर्यंत बियरने भिजले. उचलणाऱ्या प्रत्येकाला तोच वास आला, आणि इस्पितळात पोचायच्या आत गावात बातमी पोचली की पेक पिऊन पडला. मी तेव्हाच लिहून दिलं होतं, चौकीत आहे ते. पण लिहिलेलं वाचायला चौकीत जावं लागतं, आणि ऐकलेलं घरबसल्या मिळतं.”

तिने श्वास घेतला.

“दुपारी तीनपासून मी त्यांच्या शेजारी बसलेली. बंद गाडीत. तोंडाला कसला वास येत होता ते सांगू? कांद्याचा आणि लिंग्विसाचा! माझ्या आईने मला डब्यात पाव बांधून दिला होता, मसाल्याचं सॉसेज घातलेला. ह्या माणसाने तीन वर्षांत मला एकदा ‘बरं केलंस’ म्हटलं नाही, पण त्या दिवशी माझ्या डब्यातला अर्धा पाव न विचारता खाल्ला. अजून राग आहे मला त्याचा.”

हॉल हसला. या वेळचं हसू निराळं होतं, छत हलवणारं. आणि त्या हसण्यातच पेकचा खरखरीत आवाज आला, “विचारलं होतं मी! तू ‘घ्या’ म्हणालीस!”

“मी म्हणाले, ‘घ्या एक घास’! अर्धा नव्हे!”

हॅथवेबाईंनी हातोडी उचलली आणि तशीच हवेत धरली. त्यांचेही खांदे हलत होते.

“एवढंच सांगायचंय,” ओडिलिया म्हणाली. “ऑल्डनचं बरोबर आहे. मला दिलं तर त्यांना का नको, ह्याला उत्तर नाही. म्हणून दोघांना द्या. नाहीतर दोघांना नाही म्हणा. मी घरी जाईन, तक्रार करणार नाही. पण एकटं माझं नाव घेऊन नका पाठवू बोस्टनला.”

ती जागेवर येऊन बसली. नातेर्सियाने तिचा हात घट्ट दाबला. “वेडी आहेस,” ती रडत म्हणाली. “ठार वेडी. आई असती तर थोबाडीत मारली असती तुझ्या.”

उपसूचनेवर कार्डं वर झाली. पिवळ्या फुलांचा ताटवा उठावा तशी. विरुद्धची कार्डं मोजायची गरजच पडली नाही. पण ती नुसती उपसूचना होती. आता मूळ ठराव, दोन नावांचा, म्हणजे गावाच्या खिशाला दुप्पट चाट. आणि तिथे हॉल दुभंगला. “बाजूने?” कार्डं वर. “विरुद्ध?” तितकीच कार्डं वर. हॅथवेबाईंनी मान हलवली.

“नजरेने ठरत नाही. मोजणी करा.”

मोजणारे चौघे रांगांमधून फिरू लागले. कार्ड वर धरून बसायचं, खाली करायचं नाही. हात भरून आले. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, आईने ते नवऱ्याकडे दिलं पण कार्ड खाली केलं नाही. बेनी भिंतीला टेकून उभा होता, टोपी काढून तिच्या कडा चुरगाळत. नातेर्सिया देवाचं नाव घेत होती आणि मधेच थांबून शेजारच्या बाईला “कोपर सरळ कर, दिसत नाहीये त्यांना!” म्हणून दटावत होती.

मग विरुद्धची मोजणी. ओडिलियाने वळून पाहिलं. बाकावर पेक ताठ बसला होता, पिवळं कार्ड डोक्याच्याही वर धरून, ऐकलेला हुकूम पाळत असल्यासारखा.

“बघ! बघ त्या म्हाताऱ्याकडे!” नातेर्सियाचा संताप उतू गेला. “स्वतःच्या विरुद्ध मत देतोय!”

“देऊ दे,” ओडिलिया म्हणाली. तिला पुन्हा हसू येत होतं, आणि डोळ्यांत पाणीही.

चिठ्ठ्या पुढे गेल्या. हॅथवेबाईंनी बेरीज केली. पुन्हा केली. एरवी सरळ रेषेसारखं असणारं त्यांचं तोंड एका बाजूने वर गेलं.

“नऊ मतांनी,” त्या म्हणाल्या, “ठराव मंजूर.”

त्यानंतर काय झालं हे ओडिलियाला नीट आठवत नाही. कुणीतरी तिला उचललं असावं, कारण कृत्रिम पाय कसा कोण जाणे बुटासकट सैल झाला. बेनीने तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर चक्क हुंदका दिला. मालासादाच्या टेबलावरच्या बायका भांडी वाजवत होत्या. स्टर्जिस गर्दीतून आला, तिच्यासमोर थांबला. “मी विरुद्ध मत दिलं,” तो म्हणाला. “पैशांमुळे. धक्क्याचं मात्र... ते मला ठाऊक नव्हतं.”

“मग मला नको सांगूस,” ती म्हणाली. “त्यांना सांग.”

पण बाक रिकामा होता. पेक पायी निघून गेला होता.

*

बोस्टनचं काम बोस्टनच्या चालीने चाललं. उन्हाळाभर विधेयक एका समितीतून दुसऱ्या समितीत फिरत राहिलं. बेनी दर आठवड्याला फोन करायचा आणि दर आठवड्याला ओडिलिया म्हणायची, “अरे, मी काही पळून जात नाहीये.” सिपिटला मात्र त्याचं वेडच लागलं होतं. पोस्टात, बेकरीत, होड्यांच्या धक्क्यावर लोक विचारायचे, “आपला कायदा कुठवर आला?” आपला, म्हणायचे. ज्यांनी विरुद्ध कार्ड धरलं होतं तेही.

ऑक्टोबर संपत आलेला असताना एका दुपारी ओडिलिया मागच्या अंगणात टोमॅटोची वाळलेली रोपं उपटत होती. अचानक खाडीकाठच्या रस्त्यावर सायरन कोकलायला लागला. जवळ आला. आणखी जवळ आला. तिच्या दारातच थांबला. शेजारपाजारचे सगळे बाहेर. बेनी गाडीचा दिवा फिरता ठेवून, दार उघडं टाकून, कुंपणावरून ओरडला, “सही झाली! राज्यपालांची सही झाली! दोन्ही नावं, अहो! दोन्ही!”

“त्यासाठी सायरन?” ती ओरडली. “नियमात बसतं का हे?”

“नाही!” बेनी म्हणाला, आणि परत आत जाऊन त्याने सायरन आणखी एकदा वाजवला.

नातेर्सिया तिच्या घरून पायपुसण्यासकट पळत आली. ते तिच्या हातात कसं आलं हे तिलाही सांगता येईना. त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. केल नावाच्या पालेभाजीचं सूप, तळलेले मासे, कुणी आणलेली वाइन. घर विकायचा आपला बेत ओडिलियाने तेव्हा कुठे बहिणीला सांगितला.

“माझ्या माडीवर? तू?” नातेर्सिया म्हणाली. “देवा, वाचवलंस. तू घोरतेस.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेनंतर मागच्या दारावर काठीची टकटक झाली. ओडिलियाने दार उघडलं. पेक उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी भरलेली बादली. बशीएवढाल्या, करड्या, नुकत्या उकरलेल्या.

“मी विरुद्ध मत दिलं होतं,” तो म्हणाला.

“बघितलं मी. कार्ड सगळ्यात उंच होतं.”

“हं.” तो पायरीवर बसला, खिशातून आखूड सुरी काढली. “भांडं आण. न उघडलेल्या दिल्या तर त्या हाताने तुला जमायच्या नाहीत.”

ती भांडं घेऊन शेजारी बसली. डावा पाय तिने सरळ लांब केला. ऊन कोवळं होतं, खाडीचं पाणी खाली गेलेलं, आणि चिखलावर पक्षी चरत होते. पेक शिंपल्याकडे बघतही नव्हता. अंगठ्याने सांधा चाचपायचा, सुरीची धार त्यात घालायची, मनगट वळवायचं. ती मांस सोडवून भांड्यात घालत होती. नातेर्सिया दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“दोघांचे मिळून तीन डोळे, तीन हात, तीन पाय,” ती म्हणाली. “एका माणसाला लावले तरी उरतील.”

“तू जीभ दे तुझी,” पेक म्हणाला. “ती चौघांना पुरेल.”

नातेर्सिया फणकारून आत गेली, आणि आत जाऊन हसल्याचं दोघांनाही ऐकू आलं.

भांडं अर्धं भरलं. मग पेक म्हणाला, “स्टर्जिस भेटला मघाशी. मी चिखलात उकरत होतो, तो वरून चालत आला. चांगल्या बुटांनिशी. हात पुढे केला.”

“मग?”

“मग काय? माझे हात बरबटलेले. तसाच दिला.”

ओडिलियाने पुढची शिंपली उचलली. त्या संध्याकाळी तुम्ही मला गाडीपाशी का थांबवलंत, हे तिला विचारायचं होतं. तेहतीस वर्षं विचारायचं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. कानामागून मानेपर्यंत गेलेला तो जुना व्रण उन्हात पांढरा दिसत होता. तिने विचारलं नाही.

खाडीकाठच्या रस्त्यावरून डाकेची गाडी हळूहळू येत होती. डाकवाला तरुण होता, धक्क्याच्या त्या संध्याकाळी जन्मलाही नसेल. पेटीत पत्रं टाकून त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि कुंपणावरून हाक दिली, “नमस्कार, सार्जंट!”

गाडी पुढे गेली. पेकने वर पाहिलं नाही. शिंपलीच्या सांध्यात घातलेली सुरी मात्र थोडा वेळ तशीच थांबली. मग त्याचं मनगट वळलं, शिंपली उघडली, आणि त्याने ती तिच्यापुढे धरली.